देव जाणे

सरकारी नोकरीतल्या माणसावर दरवर्षी एक चमत्कारिक प्रसंग येतो. वर्षभरात आपण काय केले, कसे केले, हे त्याला स्वतःच्या हाताने लिहून द्यावे लागते. त्या लिखाणाला स्वयंमूल्यनिर्धारण असे भारदस्त नाव आहे. मग प्रतिवेदन अधिकारी त्यावर आपला अभिप्राय लिहितो, आणि त्याच्याही वरचा पुनर्विलोकन अधिकारी त्या अभिप्रायावर आपला शेरा मारतो. पूर्वी हा सारा मजकूर गोपनीय असे. प्रतिकूल शेरा तेवढा संबंधितास कळविला जाई. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, बरावाईट प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळलाच पाहिजे. तेव्हापासून आपली तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय झाली. ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की, तिन्हींतले एकही चित्र सर्वस्वी खोटे नसते. आणि तिन्ही एकत्र केली तरी त्यांतून तो माणूस काही उभा राहत नाही.

मग तो माणूस खरोखर कोणाला कळलेला असतो? या प्रश्नाला मराठी माणूस सहज उत्तर देतो : ‘देव जाणे!’ गंमत अशी की, आपल्या बोलण्यात या दोन शब्दांचा अर्थ ‘कोणालाच ठाऊक नाही’ असा होतो. देवाचे नाव घेऊन आपण विषय मिटवून टाकतो. ख्रिस्ती धर्मात मात्र हेच दोन शब्द अगदी अक्षरशः घेतलेले आहेत. माणूस स्वतःला पुरता ओळखत नाही, इतरही त्याला पुरते ओळखत नाहीत; परंतु तो अनोळखी राहिलेला नाही, तो देवाला ठाऊक आहे, असे तो धर्म सांगतो. या सांगण्यात माणसाला दिलासा आहे, तसा धाकही आहे.

आत्मज्ञानाची थोरवी या देशाला नवी नाही. उपनिषदांतील शिष्य गुरूकडे जातो तो मी कोण हे कळावे म्हणून, आणि आपल्याला हे कळले असे ज्याला वाटते त्याचे ते वाटणेच अज्ञानाचे लक्षण होय, असा इशारा केनोपनिषदाने देऊन ठेवला आहे. तुकोबांसारख्या संतांनी स्वतःचे दोष देवापुढे मोजून मांडले. चित्रगुप्ताच्या वहीची कल्पना तर घरोघर माहीत आहे. परंतु उपनिषदांच्या वाटेने जाणारा अखेर जेथे पोहोचतो तेथे जाणणारा आणि जाणावयाचा हा भेद उरत नाही. आणि चित्रगुप्ताच्या वहीत कर्मांची नोंद असते, कर्त्याची ओळख असतेच असे नाही. ख्रिस्ती विचारात हा भेद शेवटपर्यंत राहतो. एक जाणणारा आहे आणि एक जाणला जाणारा आहे. त्यांच्यामध्ये जे घडते ते ओळखीच्या स्वरूपाचे असते, हिशेबाच्या नव्हे.

पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास. त्या पत्राच्या तेराव्या अध्यायात त्याने आरशाचा दृष्टान्त दिला आहे. तो दृष्टान्त समजण्यासाठी आजचा काचेचा आरसा विसरला पाहिजे. त्या काळचा आरसा म्हणजे घासून पुसून लखलखीत केलेला धातूचा पत्रा. आणि करिंथ हे शहर काशाच्या कामाबद्दलच प्रसिद्ध होते. अशा पत्र्यात चेहरा दिसे, पण अंधुक दिसे. आपलाच आहे एवढे कळे. आताचे आपले ज्ञान असे आहे, असे पौल म्हणतो, आणि पुढे जे सांगतो त्यात क्रियापदाचा प्रयोगच बदलतो : एक दिवस मी पूर्णपणे जाणीन, जसा मी आधीच पूर्णपणे जाणला गेलो आहे तसा. जाणणे भविष्यकाळात आहे. जाणले जाणे होऊन गेलेले आहे. गलतीच्या मंडळींना लिहिताना तर तो वाक्याच्या मध्येच स्वतःला दुरुस्त करतो. तुम्ही आता देवाला ओळखता, असे म्हणता म्हणता तो थांबतो आणि सांगतो की, खरे तर देवाने तुम्हांला ओळखले आहे. लेखनिकाला मजकूर सांगणाऱ्या माणसाची ही चूक तशीच कागदावर राहिली हे फार चांगले झाले.

एवढे सिद्धान्तापुरते पुरे. सिद्धान्त माणसाच्या आयुष्यात शिरला म्हणजे त्याचे काय होते हे पाहावयाचे, तर मराठी मुलखात पंडिता रमाबाईंइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी, आजच्या कर्नाटकात मोडणाऱ्या सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविण्याचे ‘पाप’ केले होते, आणि त्यापायी लोकांची बोलणी सोसून ते त्या रानात राहिले होते. रमा सहा महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, हमालाच्या डोक्यावरून ती पोर डोंगर उतरली. पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी हिंडत ती 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हटले. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि 1882 च्या फेब्रुवारीत ते पटकीने गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी राहिली.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तेथील भगिनींनी लंडनच्या फुलम भागात एक आश्रम चालविला होता. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. या स्त्रियांची सेवा करावी असे यांना का वाटते, असा प्रश्न रमाबाईंनी विचारला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला. त्यात याकोबाच्या विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा आहे. तिचे पाच नवरे झालेले आहेत आणि सध्या ज्याच्याबरोबर ती राहते तो तिचा नवरा नव्हे. भर दुपारी, एकटी, ती विहिरीवर येते. थकून बसलेला येशू तिच्याजवळ पाणी मागतो, आणि बोलता बोलता तिचे सारे आयुष्य तिच्यापुढे ठेवतो. गावालाही ते आयुष्य ठाऊक असलेच पाहिजे. गाव ते तिच्या पाठीमागे बोलत असणार. पण विहिरीवर ते तिच्या तोंडावर सांगितले गेले, आणि सांगणारा तिच्याच हातचे पाणी मागत होता. ती स्त्री धावत गावात जाते आणि लोकांना सांगते की, माझे सारे केले-सवरलेले ज्याने मला सांगितले असा एक मनुष्य तेथे आहे, येऊन पाहा. एरवी ज्या गोष्टीने मान खाली घालावी लागते त्याच गोष्टीची ही बाई दवंडी पिटते आहे! रमाबाईंच्या मनावर या कथेचा जो परिणाम झाला तो त्यांनी स्वतः नमूद करून ठेवला आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढे रमाबाई कशा आहेत हे सांगणाऱ्यांची रीघ लागली. वाँटेजच्या भगिनी जेराल्डाइन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते यात शंका नाही. पण त्रैक्याच्या सिद्धान्तावर रमाबाई शंका काढतात, चर्चचा अधिकार मुकाट्याने मानीत नाहीत, मुलीला काय शिकवावे हे आपणच ठरविणार म्हणतात, यात जेराल्डाइन यांना हट्ट आणि अभिमान दिसला. रमाबाईंचे उत्तर असे की, भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते नव्या धर्मगुरूंचे जोखड चढवून घेण्यासाठी नव्हे. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या स्वाधीन करणार नाही. चेल्टनमच्या महिला विद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांनी मात्र या शंका अधिक समजुतीने ऐकून घेतल्या. हा पत्रव्यवहार जेराल्डाइन यांनी जपून ठेवला, आणि 1977 साली तो मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना पुष्कळदा असे वाटते की, दोन चांगल्या स्त्रिया एकमेकींविषयी नव्हे, तर प्रत्येकीने मनात घडविलेल्या तिसऱ्याच स्त्रीविषयी भांडत आहेत.

इकडे स्वदेशातही अभिप्रायांना तोटा नव्हता. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढच्या वर्षी पुण्यास आले. रमाबाई विधवांना शिकविण्याच्या मिषाने बाटवितात, असा ओरडा झाला. 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. वाँटेजच्या दृष्टीने त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, आणि पुण्याच्या दृष्टीने फाजील ख्रिस्ती होत्या. एकाच बाईविषयी, पाचदहा वर्षांच्या अंतराने, शहाण्या माणसांनी दिलेले हे दोन निकाल आहेत.

यात आश्चर्य वाटावे असे फारसे नाही. लोक चुकतात, ज्याचे त्याला ठाऊक, असे म्हणून माणूस पुढे जातो. रमाबाईंच्या चरित्रातली खरी विलक्षण गोष्ट याच्या आड लपलेली आहे. ती अशी की, ज्या बुद्धीच्या बळावर त्यांनी जेराल्डाइन यांना उत्तर दिले ती बुद्धी स्वतःविषयी पुरती जाणत नव्हती, हा शोध त्यांना पुढे स्वतःलाच लागला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. आपला विश्वास बुद्धीचा होता, त्यात जीव नव्हता, अशी कबुली त्यांनी दिली. 1907 साली त्यांनी इंग्रजीत जी साक्ष लिहिली तिच्यात ही हकीकत आहे. आठ वर्षे! ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शत्रूलाही शंका घेता आली नसती, घरदार, देश, जुना मानमरातब ज्यांनी या एका गोष्टीसाठी पणाला लावला होता, त्या बाई आठ वर्षे आपल्या अंतःकरणाविषयी चुकल्या होत्या. आणि चूक कळेपर्यंत ती चूक आहे असे त्यांना एकदाही वाटले नव्हते. आत्मपरीक्षणाची मर्यादा म्हणतात ती ही. परीक्षक आणि परीक्षार्थी एकच असल्यावर जो प्रश्न दोघांनाही सुचत नाही तो पत्रिकेत येणार कोठून?

या बदलास निमित्त झालेले पुस्तकही लक्षात घेण्यासारखे आहे. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूने ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ या नावाने आत्मकथा लिहिली आहे. हा गृहस्थ कॉर्नवॉल परगण्यातील एका चर्चचा पाळक होता. लोकांना धर्म शिकविणे हाच त्याचा व्यवसाय. 1851 साली एका रविवारी तो व्यासपीठावर उपदेशास उभा राहिला, आणि उपदेश करता करता आपण जे सांगतो आहोत ते आपल्याच ठिकाणी नाही हे त्याला कळून चुकले, आणि तेथेच त्याचा पालट झाला. श्रोत्यांतला एक जण ओरडला की, पाळकाचाच उद्धार झाला! जन्मभर इतरांचे अंतःकरण तपासणाऱ्याला स्वतःचे अंतःकरण व्यासपीठावर सापडावे, हे हास्यास्पद आहे आणि भयंकरही आहे. रमाबाईंनी ही कथा वाचली तेव्हा त्यांना आपलेच काही दिसले.

मग भगिनी जेराल्डाइन यांचेच म्हणणे खरे ठरले की काय? असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. जेराल्डाइन यांना हवे होते ते चर्चच्या अधिकाराचे पालन, आणि तसे पालन रमाबाईंनी पुढेही कधी केले नाही. जे उणे होते ते दोघींनाही दिसलेले नव्हते. एकीने अभिमान पाहिला, दुसरीने प्रामाणिकपणा पाहिला; दोन्ही होते, आणि मूळ गोष्ट तिसरीकडेच होती. पौलाने करिंथकरांना लिहिताना हा मुद्दा एका ठिकाणी फार काटेकोरपणे मांडला आहे. तुम्ही माझा न्याय केलात तरी त्याचे मला फारसे महत्त्व वाटत नाही, असे तो म्हणतो. एवढ्यावर थांबला असता तर ते सामान्य स्वाभिमानी माणसाचे बोलणे झाले असते. पण तो पुढे म्हणतो की, मी स्वतःचाही न्याय करीत नाही. माझे मन मला कशाबद्दल खात नाही, परंतु तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापते. ‘माझे मन शुद्ध आहे, लोक काय वाटेल ते म्हणोत’ असे म्हणणाऱ्याच्या हातातून ते त्याचे प्रमाणपत्र काढून घेते. आणि ‘तुझे मन काय आहे ते आम्ही जाणतो’ असे म्हणणाऱ्या धर्मगुरूच्या हातातला शिक्काही काढून घेते. ख्रिस्ती संस्थांना या दुसऱ्या भागाची आठवण अनेकदा राहिलेली नाही, हे इतिहासाकडे पाहून म्हणावे लागते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सतत कोणी तरी आपल्याला आरपार पाहत आहे ही कल्पना सुखाची कशी असेल? एका भिंतीला दोन बिऱ्हाडे असलेल्या वाड्यात जे राहिले आहेत त्यांना पाहिले जाण्याचे सुख चांगलेच परिचित आहे. हा आक्षेप बायबलमध्येच आहे. 139 व्या स्तोत्राचा कर्ता आधी पळून जाण्याचे सारे मार्ग चाचपून पाहतो : आकाशात चढावे, मृतांच्या लोकात बिछाना घालावा, पहाटेचे पंख लावून समुद्राच्या पलीकडे जावे, काळोखाला पांघरूण म्हणावे. कोठेही सुटका नाही असे झाल्यावरच तो शेवटी विनंती करतो की, माझे अंतःकरण तपासून पाहा. या दोहोंच्या मध्ये त्याला एक गोष्ट आठवलेली असते : हा पाहणारा आईच्या उदरात आपल्याला विणीत होता. पाळत ठेवणारा माणूस चूक सापडावी म्हणून पाहतो. ज्याने विणले तो वेगळ्या नजरेने पाहतो. मराठीत मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या मित्राला आपण ‘ओळख ठेव’ असे म्हणतो. तेथे ओळख म्हणजे माहिती नव्हे. माहिती त्याच्याजवळ असतेच. आपल्याला टाकू नको, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हिब्रू भाषेत जाणणे या अर्थाचे जे क्रियापद आहे त्यातही असाच जिव्हाळा आहे. पतिपत्नींच्या संबंधालाही तेथे तेच क्रियापद चालते.

ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले कबुलीजबाब लिहिण्यास घेतले तेव्हा त्याला एक सरळ शंका आली : देवाला सारे ठाऊकच आहे, तर त्याला सांगायचे कशाला? दहाव्या भागात तो आपल्या स्मरणशक्तीच्या कोठारात शिरतो, आणि ते इतके अफाट निघते की, आपण आहोत तेवढे आपल्यालाच आकळत नाही, असे त्याला म्हणावे लागते. देवाला माहिती पुरविण्यासाठी कबुली नसते. आपण ज्याला आधीच ठाऊक आहोत त्याच्यासमोर बोलताना आपले आपल्याला थोडे फार ऐकू येते, म्हणून ती असते. पेत्राची गोष्ट याच जातीची आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो छातीठोकपणे सांगतो की, सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही. ते खोटे नव्हते. त्या क्षणी त्याला स्वतःविषयी तसे खरेच वाटत होते. पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीन वेळा ओळख नाकारली. पुढे समुद्रकाठी येशू त्याला तीन वेळा विचारतो की, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय. या वेळी पेत्र स्वतःच्या मनाची ग्वाही देत नाही. तो म्हणतो की, तुला सर्व ठाऊक आहे, हेही ठाऊक आहे. जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहॉफर याने 1944 साली बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ‘मी कोण’ हा प्रश्न घालून एक कविता लिहिली. पहारेकऱ्यांना तो धीरगंभीर दिसत होता, स्वतःला अस्वस्थ आणि दुबळा वाटत होता. यांतला खरा कोणता हे त्याने ठरविले नाही, जो जाणतो त्याच्यावर सोपविले. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात नाझींनी त्याला फाशी दिले.

रमाबाईंनी आपल्याविषयीचा वाद फारसा पुढे चालविला नाही. 1896 नंतरच्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी एका वेगळ्याच कामात घालविली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत उतरविले. 1921 साली मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. तो ग्रंथ मुक्तिसदनाच्या छापखान्यातून 1924 साली बाहेर पडला. त्याची छपाई आश्रमातल्या स्त्रियांनीच केली. इंग्लंडात एका परक्या बाईने इंग्रजीतून वाचून दाखविलेला तो चौथा अध्यायही त्यांच्या हातांखालून एकेका खिळ्याने जुळत गेला : विहीर, दुपार, पाणी मागणारा वाटसरू, आणि गावाकडे धावत सुटलेली ती बाई, जी पाणी भरायला आली होती आणि आपली घागर विहिरीवरच विसरून गेली.